घरतांचा वाटा

रविवार, १३ ऑक्टोबर २०२४

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. आत्ताच बाबांची दाढी केली, वाटी धुऊन पालथी घातली आणि लिहायला बसलो. डाव्या गालावर थोडे कापले. त्यांनी हूं की चूं केले नाही.

ही वही डॉक्टरांनी सुरू करायला लावली. गौरी-गणपतीत बाबांना झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणे गेले. एकच शब्द उरला आहे, ‘न्हाय’. डॉक्टर म्हणाले, रोज काय खातात, काय बोलतात, लिहून ठेवा. आणि त्यांच्या ‘नाही’चा अर्थ नकार असाच धरू नका, अशा रोग्यांची जीभ एका शब्दावर अडकते, मनात दुसरेच असते. मी करून पाहिले. “बाबा, चहा हवा?” “न्हाय.” कप पुढे केला तर सगळा प्यायले.

मी अकरावीत शाळा सोडली, पण शुद्धलेखन चांगले आहे. अडले की शब्दकोश बघतो. म्हणून आईने हे काम मला दिले. मी भाईंदरला हंसाबेनच्या हार्डवेअरच्या दुकानात काउंटरवर असतो.

बाबांची खुर्ची खिडकीत ठेवली आहे. समोर कोठी दिसते. मुर्ध्याच्या आमच्या आळीत सगळ्यात आधी बांधलेली इमारत हीच. मीठ पिकवायला नऊ घरे इथे आली, तेव्हा राहायला काही नव्हते. त्यांनी माती, तूस आणि पेंढा तुडवून कच्च्या विटा पाडल्या, उन्हात वाळवल्या आणि ही एक कोठी उभी केली. पहिल्या पावसाळ्यात नऊही घरे तिच्यात राहिली असे सांगतात. ज्याने जेवढी भिंत बांधली तेवढी त्याची. अजूनही भिंतीचे नऊ वाटे आहेत. दारापासून पाचवा आम्हा घरतांचा. दरवर्षी तुळशीच्या लग्नाआधीच्या रविवारी प्रत्येक घराने टोपलीभर माती आणून आपापला वाटा लिंपायचा. दुसऱ्याच्या वाट्याला हात लावायचा नाही. मीठ कधीच बंद झाले. आता आत गावकीची लग्नाची भांडी असतात, आणि किल्ली बाबांकडे.

पावसाने यंदा भिंत बरीच खाल्ली आहे. बाबा दिवसभर तिकडेच बघतात.

रविवार, २० ऑक्टोबर

गावकीची बैठक झाली. बाळारामकाका अध्यक्ष. ते बाबांचे नाव घेऊन सरळ बोलले, “उत्तम होता तवर ठीक होता. आता भितीला कोन माती लावनार? आमची पोरा तर मोबाईलला बोट लावतान, मातीला न्हाय.” सगळे हसले. पाडून तिथे स्लॅबचा हॉल करायचा असे त्यांच्या मनात आहे. लग्नाला, बारशाला उपयोगी येईल, भाडे मिळेल. चार-पाच जणांनी माना डोलावल्या.

मला बैठकीत बोलायची सवय नाही. पण उठलो. म्हणालो, “काका, एक वर्ष द्या. मी कोठी नीट करून दाखवतो. पुढच्या दसऱ्याला बघा आणि मग ठरवा.”

“तू? तुना माती मळता तरी येते का रं?”

“शिकेन.”

काका म्हणाले, “दिला वर्ष. पन दसऱ्याला भित नीट दिसली न्हाय तर जेसीबी. मंग रडाचा न्हाय.” गावकीतून दहा हजार देण्याचेही ठरले.

घरी येऊन बाबांना सांगितले. त्यांनी डाव्या हाताने माझे मनगट धरले आणि बराच वेळ सोडले नाही. मला वाटते त्यांना कळले. कोठी गेली तर हा माणूस खिडकीतून बघणार काय? किल्ली त्यांच्या कमरेला आहे म्हणून ते अजून उठून बसतात. हे आईला बोललो नाही.

बुधवार, २३ ऑक्टोबर

तीन दिवस झोप नीट नाही. माती कुठून आणायची? पूर्वी तलावातली आणत, तो बुजला. खाडीकडच्या खाजणातली माती खारट, ती चालत नाही, एवढे मला माहीत आहे. तूस किती, शेण किती, किती दिवस कुजवायचे, हे सगळे बाबांच्या डोक्यात. विचारले की ते हाताने हवेत काहीतरी गोल दाखवतात आणि डोळे मिटतात.

आज दुपारी गिऱ्हाईक नव्हते तेव्हा हंसाबेनला सांगितले. त्या म्हणाल्या, “अरे बेटा, हर साल मिट्टी लगाना, हर साल धुल जाना, ये कोई बात है? एकदाच सिमेंट मारून टाक ना. पचास साल शांती. माल दुकानातून घेऊन जा, पगारमांथी थोडा थोडा कापू. तारा बापा माटे छे, बापासाठी करतोस, मी व्याज घेणार काय?”

मी आठ वर्षे सिमेंट विकतो आणि हे मला सुचले नाही! बस सोडून चालत घरी आलो, एवढे हलके वाटले.

शुक्रवार, २५ ऑक्टोबर

कुलदीप गवंडी आला. त्याला छठला गावी जायचे आहे, त्यामुळे दिवाळीच्या आत संपवणार. भिंतीवर मूठ मारून म्हणाला, “भाई, मिट्टी पे माल पकडेगा नहीं. पहले जाली ठोकेंगे, उसके ऊपर प्लास्टर. अंदर-बाहर दोनों. और नीचे कोबा कर दो, एकदम हॉल के माफिक.” मी म्हटले करा.

संध्याकाळी जाळी ठोकून झाली. बाबांना वॉकरवर धरून तिथे नेले. त्यांनी जाळीला बोट लावले, खिळ्याला लावले. मग कुलदीपकडे बघून म्हणाले, “न्हाय.” मग माझ्याकडे बघून, “न्हाय, न्हाय, न्हाय.” मी नोंद करतो की एका दमात तीनदा बोलले. झटक्यानंतर प्रथमच. डॉक्टरांना सांगायला हवे, सुधारणा दिसते.

गुरुवार, ३१ ऑक्टोबर

काम पूर्ण. नऊही वाटे आतून-बाहेरून प्लास्टर केले. पायापासून कौलांपर्यंत एकसारखी करडी भिंत, कुठे सांधा नाही, कुठे पोपडा नाही. कोपरे कुलदीपने ओळंब्याने धरले. कोठी आयुष्यात पहिल्यांदा सरळ उभी आहे.

बाबांना आणून दाखवले. त्यांनी आमच्या वाट्यावर तळहात ठेवला आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले. मीही डोळे पुसले. कुलदीप म्हणाला, “चाचा खुश हो गए.”

आता तराई. दहा दिवस सकाळ-संध्याकाळ भिंतीवर पाणी मारायचे. हे मीच करणार, दुसऱ्यावर विसंबणार नाही.

सोमवार, ४ नोव्हेंबर

दिवाळीतही तराई चुकवली नाही. नळीने पायापर्यंत भरपूर पाणी देतो. मी पाणी मारत असताना बाबा खिडकीच्या गजावर काठी आपटतात. आई म्हणाली, “त्यांना काहीतरी सांगायचंय रे.” मी म्हणालो, लघवीला जायचे असेल. नेले. झाली नाही.

रविवार, १० नोव्हेंबर

आज लिंपणाचा रविवार. कोणी येणार नाही असे वाटले होते. मागच्या वर्षीही चारच घरे आली होती. पण साडेआठला जिजाबाई डोक्यावर मातीची टोपली घेऊन आली. तिचा वाटा आमच्या शेजारचा, सहावा. घरी एकटीच आहे. ही माती ती माहेरून, राईहून रिक्षाने आणते. दर वर्षी रिक्षावाल्याशी भांडते.

भिंत बघून तिने टोपली उतरवली नाही. तशीच उभी राहिली.

“ह्या काय केलास रं?”

मी म्हटले, “जिजामावशी, आता लिंपायची गरजच नाही. पन्नास वर्षे बघायला नको.”

“पन्नास वर्स मी बगनार हाय का?” मग म्हणाली, “माजे वाट्याला हात लावाला मना इचारलास?”

मला वाईट वाटले. मी तिच्याकडून एक रुपया घेतला नाही, उलट तिचे कष्ट वाचवले. तसे सांगितले. ती म्हणाली, “कष्ट कोन मोजतंय? वर्साचा एक दिस या भितीला पाठ टेकून मी उत्तमशी भांडाची. तो बोलाचा तुजी माती पातल, मी बोलाची तुजा बापूस पातल. आता मी कोनाशी भांडू, सिमेटशी?” टोपली तिने दाराजवळ उपडी केली आणि रिकामी टोपली काखेत घेऊन गेली.

ढीग उद्या उचलून टाकला पाहिजे. नव्या भिंतीपुढे वाईट दिसतो.

सोमवार, २ डिसेंबर

हंसाबेनने पगारातून पहिला हप्ता कापला. बाबांचा रक्तदाब ठीक. व्यायामाचा रबरी चेंडू ते फेकून देतात. ढीग उचलायचा राहिला आहे.

मंगळवार, १४ जानेवारी २०२५

संक्रांत. बाळारामकाकांना तिळगूळ द्यायला गेलो. ते म्हणाले, “भित बगली. मानला तुना.” दिवस चांगला गेला.

एक गोष्ट लिहून ठेवतो. कोठीच्या पायथ्याला, जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीवर, प्लास्टरवर पांढरी पूड आली आहे. चाखून पाहिली. खारट. आमच्या हवेत खार असतोच. ब्रशने झाडली.

रविवार, ९ फेब्रुवारी

पूड पुन्हा आली. पुन्हा झाडली.

बाबा आता वॉकर धरून एकटे कोठीपर्यंत जातात. ही मोठी गोष्ट आहे. पण तिथे जाऊन जिजाबाईच्या ढिगाशी बसतात आणि डाव्या हाताने माती मळतात. पेल्यातले पाणी तिच्यावर ओततात. आज गोळा करून माझ्या हातात दिला. मी त्यांचे हात धुऊन दिले, गोळा बाजूला ठेवला आणि चेंडू दिला. चेंडू त्यांनी गटारात टाकला. ९० रुपयांचा.

रविवार, २ मार्च

आठव्या वाट्यावर भिंत थोडी फुगल्यासारखी वाटते. तिरक्या उन्हात बघितली की दिसते, दुपारी दिसत नाही. म्हणजे उन्हाचाच खेळ असावा. बोटाने ठोकले तर पोकळ आवाज येतो. कुलदीपला फोन केला. तो म्हणाला, “प्लास्टर सूखता है तो आवाज बदलता है भाई, टेन्शन मत लो.” मी टेन्शन घेतो. स्वभावच आहे. खात्रीसाठी बाहेरून प्लास्टिक पेंटचे दोन हात देणार आहे. पाण्याचा थेंब आत जाता कामा नये.

सोमवार, ३१ मार्च

आज लिहिताना अक्षर बिघडते आहे.

काल पाडव्याला पेंट पूर्ण झाला. मोतिया रंग. आज दुकानातून पावणेआठला आलो तर आमच्या वाट्यावरचे प्लास्टर नव्हते. बाबांनी छिन्नीने काढले होते. डाव्या हाताने, एकट्याने. जाळी ओढून, दुमडून पायाशी ठेवली होती. आतली माती उघडी पडली होती, काळी आणि ओली. त्यांची बोटे सोललेली. आणि तोडले ते नेमके आमच्याच वाट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. जिजाबाईच्या वाट्याला ओरखडासुद्धा नाही.

मी ओरडलो. बाबांवर आयुष्यात ओरडलो नव्हतो. “दसऱ्याला भिंत दिसली नाही तर पाडतील! तुमच्यासाठीच करतोय ना मी हे सगळं?”

ते म्हणाले, “न्हाय.”

“काय नाही? काय नाही बाबा? काय पाहिजे तुम्हाला?”

त्यांनी माझा हात धरून भिंतीवर ठेवला. मी झटकून काढला. दुकानातले मळके हात होते माझे, पेंटवर डाग पडला असता. आता लिहिताना वाटते, तिथे आता कुठे पेंट होता.

आई म्हणाली, “राहू दे. कशात तरी जीव रमतोय त्यांचा.” तिला सगळे सोपे वाटते. पुन्हा प्लास्टर करायला चार पोती तरी लागतील आणि हंसाबेनकडे आधीच उधारी आहे.

शनिवार, ५ एप्रिल

गेले चार दिवस बाबा उघड्या भागावर काही करत नव्हते. नुसते समोर बसून राहत. मला वाटले समजले. आज बघतो तर भाग कोरडा झाला आहे आणि त्यांनी ढिगातल्या मातीने लिंपायला घेतले आहे. खालून वर, तळहाताने. जिजाबाई शेजारी बसून पेंढ्याचे तुकडे करून देत होती आणि बडबडत होती, “पातल हाय. उत्तम, पातल हाय तुजी माती.” बाबा हसत होते. वाकड्या तोंडाने, पण हसत होते. मला बघून दोघे गप्प झाले.

रविवार, ६ एप्रिल

बाबांना जेसल पार्कला सुरुचीआत्याकडे सोडून आलो. तिसरा मजला, लिफ्ट आहे, हवा चांगली. फिजिओथेरपीवाली जवळच राहते. आई सोबत राहील. दसऱ्यापर्यंत तिथेच बरे. आणखी एक वाटा तोडला तर मी गावकीला काय सांगू?

किल्ली त्यांनी दिली नाही. कमरेतून मलाच सोडवून घ्यावी लागली.

मंगळवार, २७ मे

पाऊस यंदा फार लवकर आला, कालपासून लागला आहे. दरवर्षी मेअखेर बाबा झावळ्यांचे झाप विणून भिंतीवर टांगायचे, पावसाची झड लागू नये म्हणून. या वर्षी ती कटकट नाही.

आमच्या वाट्यावर मात्र जिजाबाईने परस्पर झाप टांगले आहेत. विचारले तर म्हणाली, “उत्तमचे वाट्याला हात न्हाय लावला. वरती वाशाला टांगलान.” मोतिया भिंतीत मधेच ते काळे झाप म्हणजे नव्या शर्टाला ठिगळ. काढणार होतो. पण खालचे ओबडधोबड लिंपण तरी झाकले जाते. ठेवले. पाऊस उघडला की प्लास्टर करून घेईन. कुलदीप दोन पोत्यांत करतो म्हणाला आहे.

रविवार, २२ जून

जेसल पार्कला जाऊन आलो. बाबांचे वजन कमी झाले. आत्या कुरकुरत होती, “दादा तुळशीच्या कुंडीतली माती काढतो रे, सोफ्याला पुसतो.” मी माफी मागितली. मला बघून बाबा उठले आणि थेट दाराकडे गेले. चप्पल घालायला लागले. आईने तोंड फिरवले. मी म्हटले, “बाबा, दसऱ्याला नेतो. भिंत एकदम छान आहे.”

“न्हाय.”

“खरंच छान आहे.”

रविवार, २० जुलै

कोठी उघडली की कोंदट वास येतो, ओल्या पोत्यासारखा. गावकीची तांब्याची भांडी घामेजली आहेत. मी खिडक्या लावून घेतल्या, म्हणजे बाहेरची दमट हवा आत येणार नाही. कोब्यावर पाणी साचलेले नाही, छपरातून गळत नाही, पेंट शाबूत आहे. पाणी कुठूनही येत नाही. तरी भिंत हाताला गार लागते.

आठव्या वाट्याचा फुगवटा आता दुपारीही दिसतो. तिथे गावकीचे कपाट सरकवून लावले, आतून आधार होईल.

बाळारामकाका भेटले. “दसऱ्याला नारळ फोडू तुजे हाताने,” म्हणाले. मी हसलो. घरी येऊन दोनदा कुलूप तपासायला गेलो.

मंगळवार, १९ ऑगस्ट

कोठी पडली.

कालपासून पाऊस थांबलेला नाही. दुकान बंद होते. दुपारी जेवायला बसणार तोच आवाज आला. मोठा नव्हता. कोणीतरी ओला गोणपाट जमिनीवर टाकावा तसा. बाहेर आलो तर आठवा वाटा नव्हता. बघता बघता सातवा बसला, मग जिजाबाईचा सहावा. बसला असेच म्हणायला हवे. भिंत आडवी झाली नाही, खाली गेली. प्लास्टर आणि जाळी तेवढी उभी राहिली, रिकाम्या पिशवीसारखी, आणि मग तीही वाकली. मग दाराकडून चौथा, तिसरा आणि बाकीचे. कौले उतरून भांड्यांवर आली.

कोणाला लागले नाही. हे आधी लिहायला हवे होते.

जिजाबाई पावसात उभी होती. तिने मला काही म्हटले नाही. म्हणायला हवे होते.

दारापासून पाचवा वाटा उभा आहे. झापांसकट.

बुधवार, २० ऑगस्ट

ढिगाऱ्यात उतरलो. पडलेल्या विटा हातात घेतल्या की कणकेसारख्या दबतात, बोटांतून पाणी येते. वरचा पेंट कोरडा आहे. एका तुकड्यावर कुलदीपचा थापीचा हात स्पष्ट दिसतो, इतके प्लास्टर चांगले आहे.

मग झाप वर करून आमच्या वाट्यावर हात ठेवला. कोरडा. नखाने उकरून पाहिले. आतही कोरडा.

पाणी कुठूनही आत जाऊ नये याची मी व्यवस्था केली होती. आत होते ते बाहेर कुठून जाणार, हे पाहिले नव्हते.

मागची पाने आज वाचणार नाही.

गुरुवार, २१ ऑगस्ट

महापालिकेची माणसे येऊन धोकादायक म्हणून कागद चिकटवून गेली. कागद चिकटवायला जागा एकच होती. झापावर चिकटवला.

संध्याकाळी बैठक. बाळारामकाका ओरडतील असे वाटले होते. ते म्हणाले, “जाऊ दे पोऱ्या. तू केलास तरी. आमी तर हात झटकून बसलो होतो.” ओरडले असते तर बरे झाले असते. गणपतीच्या आधी, सोमवारी जेसीबी येणार. सगळे साफ करून हॉल. उभ्या वाट्याचे काय, असे मी विचारले. काका म्हणाले, “एक वाटा उबा राहून काय करल? त्याला छप्पर हाय का दार हाय?”

खरे आहे.

शनिवार, २३ ऑगस्ट

बाबांना घरी आणले. रिक्षात काही सांगितले नाही. सांगायची तालीम केली होती, ती विसरलो.

त्यांनी ढिगाऱ्याकडे फार वेळ पाहिले नाही. वॉकर टेकत सरळ आमच्या वाट्याशी गेले, कागद लावलेला झाप बाजूला केला आणि लिंपणावर तळहात ठेवला. मग खाली वाकता येत नाही म्हणून मला खुणेने एक वीट मागितली. पडलेली दिली. त्यांनी ती दाबली आणि तिचा चिखल झाला. तो त्यांनी माझ्या हातात दिला. फेब्रुवारीत गोळा दिला होता, तसाच.

मी म्हणालो, “बाबा, तुम्ही सांगत होता.”

त्यांनी ‘न्हाय’ म्हटले नाही. चिखलाच्या हाताने कमरेला चाचपले. मी खिशातली किल्ली काढून दिली. दार नाही. तरी दिली. त्यांनी कमरेला खोचली.

रविवार, २४ ऑगस्ट

सकाळी पाऊस उघडला. उठलो तर बाबा अंथरुणात नव्हते. वाट्याशी बसले होते. खालच्या कडेला पावसाने दोन-तीन ठिकाणी लिंपण गेले होते, तिथे बोट दाखवत होते.

जिजाबाईच्या ढिगातली माती थोडी शिल्लक आहे. मी मळायला बसलो. बाबांनी पाणी घातले, थांबवले, पुन्हा थोडे घातले. ऑक्टोबरात ते हवेत गोल दाखवायचे, त्याचा अर्थ आज कळला. तो गोल म्हणजे गोळा हातातून सुटून पडला तर फुटता कामा नये आणि पसरताही कामा नये. एवढेच. मग त्यांनी माझा तळहात धरून भिंतीवर टेकवला आणि खालून वर नेला. या वेळी मी काढला नाही.

बाळारामकाका जाता जाता थांबले. “अरं, उद्या पाडाची भित आज कशाला लिंपताव?”

बाबा म्हणाले, “न्हाय.”

काका चपला काढून उभे राहिले आणि मग गेले.

जिजाबाई आली. तिने पाहिले, टोपली नव्हती तिच्याकडे. आमच्या वाट्याला तिने हात लावला नाही. बाजूला, जिथे तिचा सहावा होता, तिथे ढिगाऱ्यावर पाठ टेकून बसली. “पातल हाय,” म्हणाली. बाबांनी मान हलवली. “बापासारकीच पातल मलतंय पोऱ्या,” म्हणाली आणि पदराने नाक पुसले.

दुपारी दोनपर्यंत काम झाले.

सोमवार, २५ ऑगस्ट

जेसीबी नऊला आला. ढिगारा पटापट उचलला. आमच्या वाट्याला पहिला धक्का दिला तेव्हा कालचे लिंपण ओलेच होते, त्यावर बकेटचे दात उमटले. भिंत हलली नाही. ड्रायव्हर खाली उतरला आणि भोवती फिरून बघून म्हणाला, “अंदर सरिया है क्या?” मी म्हटले, नाही. दुसऱ्या धक्क्यालाही राहिली. तिसऱ्याला गेली. कोरडी धूळ उडाली, भर पावसाळ्यात.

बाबा खिडकीत बसले होते. मी खुर्ची फिरवू का विचारले. फिरवू दिली नाही.

हिशोब लिहून वही बंद करतो.

खर्च
सिमेंट, २२ पोती: ८,१४०
रेती: ६,५००
जाळी व खिळे: ३,१५०
वॉटरप्रूफिंगचे औषध: १,८००
कुलदीप व बिगारी, मजुरी: १८,०००
प्लास्टिक पेंट: ४,६००
एकूण: ४२,१९०

देणे
हंसाबेन (माल १७,६९०, पगारातून कापले १३,५००): ४,१९०
आईच्या भिशीचे: ८,०००
गावकीचे (काका नको म्हणतात, तरी): १०,०००
एकूण: २२,१९०

झाप, जिजाबाईने टांगलेले: पैसे घेतले नाहीत.
माती, जिजाबाईची, राईहून आणलेली: सगळी वापरली. पैसे विचारले तर म्हणाली, मातीला माती दे.

देणे: माती, एक टोपली.